जुन्या बोटीला वरचं पाणी मारतं

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, ‘जुनी शिडाची बोट : घ्यावी कशी आणि तिच्यावर राहावं कसं’. हे विषय दोन आहेत आणि वेळ मिळालाय एकाचा, तोही अध्यक्षांचं प्रास्ताविक वजा जाता. (हशा) असो. इथल्या बहुतेकांनी शीड हाताळलंय, तेव्हा डोलकाठी म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही.

जुनी बोट बघायला गेलेला माणूस आधी फळी उचलून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, डोकावतो. पाणी दिसलं की चेहरा पडतो, कोरडं दिसलं की खूश. माझं म्हणणं उलटं आहे. समुद्र खालून आत शिरतो तेव्हा लपून राहत नाही. पाण्याखाली दोन फुटांवर दोन इंचांचं भोक पडलं तर मिनिटाला 200 लिटरांहून जास्त पाणी आत येतं. ते कळायला सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, लागत नाही, पाय भिजतात. जुन्या बोटीला खरं मारतं ते पावसाचं गोडं पाणी. ते वरून येतं, थेंबाथेंबानं, वर्षानुवर्षं. खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी सहसा टिकत नाही, गोड्यात मात्र फोफावते.

खालच्या गळतीशी माणूस झुंजू तरी शकतो. 1968 साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश खलाशी ‘सुहैली’ घेऊन निघाला. 32 फुटी, सागवानी, मुंबईत बांधलेली बोट. अटलांटिकमध्ये कीलजवळच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याजवळच्या, सांध्यातून पाणी येऊ लागलं. पठ्ठ्या बुडी मारून खाली गेला, सांध्यात कापूस ठासला, वरून कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी ठोकली. मधेच एक शार्क घुटमळायला लागला, तर त्याला गोळी घातली आणि पुन्हा कामाला उतरला. 312 दिवसांनी, 1969 मध्ये, एकट्यानं कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. या किश्श्याचा आजच्या विषयाशी संबंध बेताचाच आहे, पण मी तो सांगितल्याशिवाय राहत नाही. (हशा)

तर डेक, म्हणजे बोटीचा वरचा पृष्ठभाग. वरचं पाणी शिरतं ते इथूनच. फायबरग्लासच्या बऱ्याच जुन्या बोटींचं डेक थरांचं असतं : वर फायबरग्लास, खाली फायबरग्लास, मधे बाल्सा लाकूड. हलकं आणि ताठ. फार हुशारीची रचना, पण भोक पाडेपर्यंतच. आणि बोट ताब्यात आली की माणसाला भोकं पाडायचा सोस सुटतो. पेला ठेवायची कडी हवी, गळाची काठी खोचायला नळी हवी, दिवा हवा, दुसरा दिवा हवा. एका बोटीच्या आधीच्या मालकानं कॉकपिटजवळ, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेजवळ, शोभेची पितळी घंटा बसवली होती. चार स्क्रू. ती कुणी कधी वाजवली असेल असं मला वाटत नाही. सील म्हणून न्हाणीघरातलं सिलिकॉन फासलेलं. मी पहिला स्क्रू फिरवला तसं भोकातून तपकिरी पाणी वर आलं, आणि कडेनं उकरलं तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा बाल्सा हातात यायला लागला. उकरत गेलो. धड लाकूड लागेपर्यंत हातभर डेक मोकळं झालं होतं. एका घंटेपायी! त्या गृहस्थांनी बोट विकताना ‘डेकवर भरपूर सुधारणा केल्यात’ असं आवर्जून सांगितलं होतं.

खरं तर करायचं इतकंच असतं. भोक हवं त्यापेक्षा मोठं पाडा, ते घट्ट इपॉक्सीनं भरा, वाळल्यावर त्याच्या मधोमध नेमकं भोक पाडा. मग पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. बोट बघायला जाताना जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर न्या आणि उलटा धरून मुठीनं सगळं डेक ठोकत चाला. ‘टक्’ वाजलं तर धड, ‘थप्’ वाजलं तर आतून कुजलेलं. मालक शेजारी असेल तर त्याच्या तोंडाकडेही बघत चला.

आता तुम्ही म्हणाल, डेक थोडं मऊ पडलं तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. डोलकाठीला तोलणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना बांधतात, त्या चेनप्लेट बहुधा डेकमधून खाली जातात. स्टेनलेस स्टीलला स्वतःवरचा संरक्षक थर टिकवायला हवेतला ऑक्सिजन लागतो. गळक्या डेकच्या फटीत पाणी साचून राहिलं की तो मिळत नाही, आणि पट्टी नेमकी न दिसणाऱ्या जागी खाल्ली जाते. वरून चकचकीत, आतून पोखरलेली. मग एखाद दिवशी जोराच्या वाऱ्यात ती तुटते आणि डोलकाठी आडवी. मूळ कारण कुणाच्या हौशीचा एक स्क्रू. म्हणून चेनप्लेट काढून बघू देत नसतील तर ती बोट सोडा.

चिठ्ठी आलीय. ‘पाच मिनिटं. राहण्याविषयी?’ (हशा) बरं, भराभर सांगतो.

बोटीवर राहताना पहिला त्रास दमटपणाचा. रात्रभर आपल्या श्वासातून आणि घामातून जाणारी वाफ थंड भिंतींवर आणि गादीखाली साचते. गादीखाली पट्ट्यांची चौकट घाला, खालून हवा खेळली पाहिजे. बंद केबिनमधला डिह्युमिडिफायर म्हणजे रोगावर नव्हे, लक्षणावर औषध. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की बिल्जमध्ये जाऊन बसतो. सिलिंडरचा कप्पा केबिनपासून बंद आणि तळाशी थेट बाहेर निचरा होणारा हवा. गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही अलार्म लावा. साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या निम्म्याखाली उतरवू नका. धक्क्यावरची वीज कायम जोडून ठेवणार असाल तर त्या तारेतून येणारा गंजवणारा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा, नाहीतर बोटीचे धातूचे भाग वाचवायला लावलेले तुमचे झिंकचे तुकडे, म्हणजे ॲनोड, शेजारच्या बोटीपायी झिजतील. संडासाचा पंप आपला आपल्याला खोलता आला पाहिजे. तो भर रात्रीच तुंबतो, त्यावर वेगळं व्याख्यान होईल.

आणि पैशांचं. सगळी पुंजी खरेदीत घालू नका. डोलकाठीच्या तारा दहा-पंधरा वर्षं जुन्या असतील तर अनेक विमा कंपन्या त्या बदलायला लावतात, आणि हे बऱ्याच जणांना बोट नावावर झाल्यावर कळतं. विम्याचं आधी विचारा, सर्व्हे बोट पाण्याबाहेर काढून करा, सर्व्हेअर तुमचा तुम्ही नेमा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

अध्यक्ष उठलेच आहेत. प्रश्न जरूर विचारा, फक्त ‘कुठली बोट घेऊ’ हा सोडून. आणि ज्यांच्या बोटीवर घंटा आहे, त्यांनी नंतर एकेकट्यानं भेटा.