साडेआठचा पाऊस

(दृश्य: जुलै २००५ ची पर्जन्य नोंदवही, तारखांचा रकाना)

मुंबईकराला झोपेतून उठवून विचारलं, तरी तो तारीख सांगेल: २६ जुलै २००५. हवामान खात्याच्या नोंदीत मात्र सांताक्रूझचा तो ९४४ मिलिमीटरचा आकडा २७ जुलैपुढे लिहिलेला आहे.

लिहिणाऱ्याचं काही चुकलेलं नाही. आपल्याकडे दिवसाचा पाऊस मोजतात सकाळी साडेआठला. जगभरच्या वेधशाळा ज्याला धरून चालतात, त्या ग्रिनिचच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जे पाणी जमलं, ते आजच्या तारखेवर. सव्वीसच्या दुपारी आणि रात्री जे कोसळलं, ते म्हणून सत्तावीसच्या खात्यात गेलं. महिन्यांचंही तसंच. ३१ जुलैला सकाळी नऊला धो धो सुरू झालं, तर तो पाऊस ऑगस्टचा.

(दृश्य: पर्जन्यमापक, जवळून)

हा पर्जन्यमापक. वर नरसाळं, आत बाटली, तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर. जवळपास झाड किंवा भिंत असेल, तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडायचं, नाहीतर आडोशाने पाऊस कमी भरतो. निरीक्षक बाटली काढतो, पाणी काचेच्या मोजपात्रात ओततो, डोळा पाण्याच्या पातळीत आणतो आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत वाचतो. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. मापकाचं तोंड दोनशे चौरस सेंटिमीटरचं धरलं, तर ९४४ मिलिमीटरचे होतात जवळजवळ १९ लिटर. एवढं पाणी एका दमात मोजपात्रात मावत नाही. थोडं थोडं ओतायचं, प्रत्येक वेळचा आकडा लिहायचा, शेवटी बेरीज. अशा दिवशी हे काम करणाऱ्या माणसाला घरी कसं जायचं याचीही चिंता असणार, हे आकडा बघताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता त्याच चोवीस तासांतला कुलाब्याचा आकडा बघा. ७३ मिलिमीटर. दोन वेधशाळांमध्ये सरळ रेषेत अंतर वीस-बावीस किलोमीटर. म्हणून 'मुंबईत किती पडला?' या प्रश्नाला एक उत्तर नसतं. आधी विचारायचं, कुठल्या मापकात?

(दृश्य: कुलाबा वेधशाळा)

कुलाबा वेधशाळा १८२६ ची, ईस्ट इंडिया कंपनीने उभारलेली. सुरुवातीचं काम खगोलाचं आणि अचूक वेळेचं, कारण बंदरातल्या जहाजांना घड्याळ जुळवून हवं असे. पुढे १८४१ पासून इथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवरची ट्राम येणार हे ठरलं आणि तिच्या प्रवाहाने चुंबकीय उपकरणं बिघडणार हेही उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस. त्यांनी ही उपकरणं अलिबागला नेली. पण काटे एकदम उचलून नेले नाहीत. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे मालिकेचा सांधा तुटू नये. हवामानाचं काम कुलाब्यातच राहिलं.

अशी न तुटलेली मालिका किती कामाची असते, ते मे २०२५ मध्ये पावसाच्या नोंदींतही कळलं. कुलाब्यात मे महिन्याच्या पावसाचा विक्रम तोवर १९१८ चा होता, २७९.४ मिलिमीटर. १०७ वर्षांनी तो मोडला. मोडला असं म्हणता आलं, कारण १९१८ सालीही कुणीतरी रोज सकाळी बाटली उघडून आकडा लिहिला होता.

(दृश्य: झरोक्यांची पांढरी पेटी)

तापमानाचं घर हे. झरोक्यांची पांढरी लाकडी पेटी, दार उत्तरेला, म्हणजे दार उघडलं तरी ऊन आतल्या नळ्यांवर पडत नाही. रचना स्कॉटलंडचे दीपगृह-अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांची, नावही त्यांचंच. आत चार तापमापक. कमाल तापमापकात पाऱ्याच्या वाटेत एक अरुंद जागा असते, त्यामुळे चढलेला पारा आपोआप उतरत नाही. वाचन झालं की झटकून उतरवायचा. किमान तापमापकात अल्कोहोल आणि त्यात एक बारीक काचेची दांडी. रात्री अल्कोहोल आकसतं, दांडी मागे ओढली जाते आणि पहाटेच्या नीचांकावर तशीच थांबते. पुण्याचा १७ जानेवारी १९३५ चा १.७ अंश हा आकडा बातम्यांतून अजून दर थंडीत वर येतो.

महिन्याचं सरासरी कमाल तापमान म्हणजे रोजच्या कमाल आकड्यांची बेरीज, भागिले दिवस. सोपं गणित, पण त्यात गंमत आहे. मुंबईत उन्हाळा म्हटलं की मे आठवतो. सांताक्रूझचा उच्चांक मात्र एप्रिलचा: १४ एप्रिल १९५२, ४२.२ अंश. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीकडून, पूर्वेकडून कोरडा वारा येतो आणि खारा वारा सुरू व्हायला उशीर झाला, की दुपारी पारा उसळतो. मे महिन्यात समुद्र हा वारा लवकर पाठवतो. कमाल कमी, घाम जास्त! आणि ऑक्टोबरचं सरासरी कमाल मेच्या तोडीस तोड असतं, म्हणून ऑक्टोबर हीट ही तक्रार नुसती तोंडची नाही.

(दृश्य: कोरडवाहू शेत, जून)

आता बेरजेची दुसरी बाजू. एका गावात जूनमध्ये १५० मिलिमीटर पाऊस झाला. चांगला? सांगता येत नाही. मृगात थोडा थोडा येऊन वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, झाला असेल, तर पेरणी साधली. सगळा आर्द्रात दोन दिवसांत ओतला असेल, तर माती वाहून गेली. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला कृषी विभाग देतो तो याच हिशेबाने. शेतकरी नक्षत्र धरून बोलतो आणि वेधशाळा महिना धरून. मला विचाराल तर नक्षत्रांची विभागणी पेरणीला जास्त जवळची आहे, तेरा-चौदा दिवसांचा तुकडा पडतो. महिन्याच्या आकड्यासोबत पावसाचे दिवस किती, हे वाचलं पाहिजे. अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच खातं त्याला पावसाचा दिवस म्हणतं.

नुकसानभरपाईच्या वेळी तर मिलिमीटर जिव्हारी लागतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला, की अतिवृष्टी. राज्यात दोन हजारांहून जास्त मंडळांत स्वयंचलित केंद्रं आहेत, पण एका मंडळात गावं अनेक असतात आणि केंद्र बहुधा एक. केंद्रावर ६० आणि चार कोसांवरच्या ओढ्याकाठी पिकं पाण्याखाली, असं झालं की शेतकरी आणि तलाठी दोघंही खरं बोलत असतात. भांडण मात्र त्या दोघांतच होतं.

(दृश्य: सांताक्रूझचा आलेख, जुलै महिने)

पुन्हा सांताक्रूझ. तिथला आजवरचा सर्वांत ओला जुलै कोणता? २००५ नव्हे, २०२३. त्या महिन्यात १,७०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. ९४४ चा एकही दिवस त्यात नव्हता.

मग 'सरासरी' काय? जगभर तीस वर्षांची धरतात आणि दर दहा वर्षांनी ती पुढे सरकवतात. १९८१ ते २०१० च्या हिशेबात सांताक्रूझचा जुलै सुमारे ८४० मिलिमीटरचा होता. १९९१ ते २०२० च्या हिशेबात तो सुमारे ९२० झाला. म्हणजे ८८० मिलिमीटरचा जुलै जुन्या मापाने सरासरीपेक्षा जास्त, नव्या मापाने कमी. पाऊस तेवढाच, बातमीचा मथळा उलटा. पुढची तिशी २००१ ते २०३० ची. तिच्यात २००५ आणि २०२३ हे दोन्ही जुलै असतील, आणि नव्वदच्या दशकातले सगळे गळून पडतील.