माया

नमस्कार श्रोतेहो. शिवणकामात एक गोड शब्द आहे: माया. ब्लाउजच्या शिवणीत जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात ना, ती माया. वर्षभरानं ब्लाउज घट्ट झाला, की उसवायचा आणि सैल करायचा. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांसाठी मी नऊ वर्षं डिझाइन केलं, पण माया ठेवताना कधी हात आखडला नाही.

आता मी भोसरीच्या एका शेडमध्ये उपग्रहांची पांघरुणं शिवते. फोटोत उपग्रहाभोवती चमचमतं ते सोनं नव्हे बरं का. कॅप्टॉन नावाची पिवळसर फिल्म, मागून अॅल्युमिनियमचा मुलामा. तिच्याखाली कागदाहून पातळ, चमकत्या फिल्मचे थरावर थर, आणि दोन थरांच्या मध्ये जाळी. हो, घागऱ्याला लावतो तसली नेट! थर एकमेकांना टेकू नयेत म्हणून. वर हवा नाही, त्यामुळे थर टेकले नाहीत तर उष्णता फक्त किरणांच्या रूपानं जाणार, आणि चमकता थर ते किरण परतवतो. टीप मारली की थर दाबले जातात, नेमकी तिथूनच उष्णता निसटते. म्हणून शिलाई मोजकी, तीही कडेला. फिटिंगसाठी कापड ताणणाऱ्या माझ्या हाताला ‘ढिलं सोड’ हे कळायला दोन महिने लागले.

आणि उसवायची सोय नाही. कापडातलं सुईचं भोक नखानं घासलं की मिटतं, फिल्ममधलं राहतंच. माझी पहिली कड दोन मिलिमीटर तिरकी गेली. सबंध पांघरूण बाद.

१९६९ साली नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर घातलेला पोशाख इंटरनॅशनल लेटेक्स या कंपनीतल्या बायकांनी शिवला. प्लेटेक्सच्या ब्रा बनवणारी हीच ती कंपनी! इंचाच्या ६४व्या भागाएवढी चूक चालायची, बस्स. विसरलेली टाचणी हवा धरणाऱ्या थराला भोक पाडेल, म्हणून शिवलेले भाग एक्स-रेखाली तपासत.

आमच्याकडेही टाचण्या सकाळी मोजून मिळतात, संध्याकाळी मोजून परत. एकदा चाळीसातली एक कमी भरली. टेबलं हलवली, फरशीवरून लोहचुंबक फिरवलं, शिवलेलं सगळं पुन्हा उलगडलं. साडेआठला सापडली: माझ्याच कोटाच्या कॉलरमागे खोचलेली. दुकानातली सवय! सुपरवायझर ताई काही बोलल्या नाहीत. वहीतला ३९ खोडून ४० केला आणि शेजारी माझी सही घेतली.