एकोणपन्नासची तुकडी

[दृश्य: चार्ल्स नदी, पलीकडे हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या लाल विटांच्या इमारती]

१९४७ च्या शरद ऋतूत या इमारतींमध्ये दाखल झालेली मुले वयाने आणि अनुभवाने विद्यार्थिदशेच्या पुढे गेलेली होती. त्यांच्यातील बहुसंख्य दुसऱ्या महायुद्धातून परतले होते. कोणी प्रशांत महासागरात सैनिक उतरवणाऱ्या नौकेचे नेतृत्व केले होते, तर कोणी फ्रान्सच्या रणभूमीवर पायाला जखम होऊन दीर्घकाळ रुग्णालयात काढला होता. त्यांतील अनेकांना घरच्या पैशावर येथे येणे जमले नसते. परंतु अमेरिकी सरकारने १९४४ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी केलेल्या कायद्यामुळे वर्षाला ५०० डॉलरपर्यंतचे शुल्क सरकार भरत असे आणि शिवाय निर्वाहभत्ताही देत असे. जून १९४९ मध्ये या तुकडीने पदवी घेतली. पदवीधरांची संख्या साडेसहाशेच्या आसपास होती आणि त्यांत एकही स्त्री नव्हती, कारण व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात स्त्रियांना प्रवेश मिळायला १९६३ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही त्या केवळ आठ होत्या.

पंचवीस वर्षांनी, १९७४ मध्ये, 'फॉर्च्युन' मासिकाने या तुकडीचा मागोवा घेतला आणि तिला एक नाव दिले, जे आजतागायत चिकटून आहे: डॉलर ज्यांच्यावर कोसळले ती तुकडी. या नावामागे एक जुना संदर्भ आहे. वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या १९१५ च्या तुकडीतील १६४ पदवीधरांपैकी ५९ जण जनरल पदाला पोहोचले आणि त्यांत आयझेनहॉवर व ब्रॅडली हेही होते; त्या तुकडीला 'तारे ज्यांच्यावर कोसळले ती तुकडी' म्हणत. लष्करात खांद्यावरचे तारे मोजायचे, तर उद्योगात डॉलर मोजायचे, असा तो सरळ हिशेब होता.

माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात दर तुकडीचा वृत्तांत येतो. तुकडीचा एक चिटणीस असतो, तो पत्रे पाठवून, फोन करून खुशाली गोळा करतो आणि दर पाच वर्षांनी स्नेहमेळावा भरवतो. तिशीतल्या खुशालीत बढती, नवे शहर आणि नवे घर असते; पन्नाशीतल्या खुशालीत अध्यक्षपद असते. 'फॉर्च्युन'ने १९७४ मध्ये जे मोजले ते नेमके इथवरचे होते. आम्हाला मात्र या माणसांच्या आयुष्यातील पंचवीस वर्षांनंतरचा भाग अधिक मोलाचा वाटतो, आणि हा लघुपट त्यासाठीच केला आहे.

[दृश्य: ऑल्बनी शहर, हडसन नदी]

टॉमस मर्फी यांचा जन्म १९२५ मध्ये ब्रुकलिनमध्ये झाला. कॉर्नेल विद्यापीठातून अभियांत्रिकी, मग नौदल, मग हार्वर्ड, असा त्यांचा प्रवास. १९५४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमधील चांगली नोकरी सोडून ऑल्बनी येथील एका डबघाईला आलेल्या दूरचित्रवाणी केंद्राचे काम पत्करले. हे केंद्र एका जुन्या इमारतीत थाटलेले होते, जिथे पूर्वी वृद्ध ख्रिस्ती जोगिणी राहत असत. जाहिरातदारांवर बरी छाप पडावी म्हणून इमारत रंगवून घ्या, असे मालकांनी सांगितले, तेव्हा मर्फी यांनी रस्त्यावरून दिसणाऱ्या दोनच बाजू रंगवल्या आणि उरलेल्या तशाच ठेवल्या. पुढे याच कंपनीने, म्हणजे कॅपिटल सिटीजने, १९८५ मध्ये आपल्याहून कितीतरी मोठी असलेली एबीसी ही वाहिनी सुमारे साडेतीन अब्ज डॉलरना विकत घेतली. या व्यवहारात गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीने ५१ कोटी ७५ लाख डॉलर घातले. बफे आणि मर्फी यांची पहिली गाठ त्याआधी अनेक वर्षांपूर्वी मर्फी यांच्याच एका वर्गमित्रामुळे पडली होती. दहा वर्षांनी ही सगळी कंपनी सुमारे एकोणीस अब्ज डॉलरना डिस्नेकडे गेली, तेव्हा मर्फी सत्तरीचे होते.

आकडे एवढे मोठे झाले की माणूस त्यांच्यामागे दिसेनासा होतो. म्हणून पुढची गोष्ट थोडी सावकाश सांगायला हवी.

[दृश्य: औषधाच्या दुकानातील रिकामी फळी]

जेम्स बर्क हे मर्फी यांचे वर्गमित्र आणि जन्मभराचे स्नेही. १९५३ मध्ये ते जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीत आले. सुरुवातीच्या काळात त्यांनी बाजारात आणलेले एक उत्पादन सपशेल आपटले आणि कंपनीचे प्रमुख जनरल जॉन्सन यांनी त्यांना बोलावून घेतले. आता नोकरी गेली, असे समजून बर्क त्यांच्या दालनात गेले. तर जॉन्सन यांनी उठून त्यांचा हात हातात घेतला आणि चूक केल्याबद्दल अभिनंदन केले, कारण जो निर्णय घेतो त्याच्याच हातून चूक होते. ही आठवण बर्क पुढे वारंवार सांगत असत.

याच जॉन्सन यांनी १९४३ मध्ये कंपनीची एक पानभर जाहीर प्रतिज्ञा लिहिली होती. तिच्यानुसार पहिली जबाबदारी डॉक्टर, परिचारिका, रुग्णालये, माता आणि कंपनीची उत्पादने वापरणारे इतर सर्व यांच्याप्रति आहे, आणि भागधारकांचा क्रम सर्वांत शेवटी लागतो. ही प्रतिज्ञा कार्यालयांच्या भिंतींवर टांगलेली असे. बर्क यांनी सत्तरच्या दशकात वरिष्ठ अधिकाऱ्यांना एकत्र बसवून विचारले की, आपण हे मानतो का? मानत नसू तर भिंतीवरून काढून टाकू. यावर लांबलचक चर्चा झाली आणि प्रतिज्ञा भिंतीवर राहिली.

मग सप्टेंबर १९८२ च्या अखेरीस शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूल घेतलेली सात माणसे दगावली. दुकानांतील बाटल्यांमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले होते. दोष कारखान्याचा नव्हता, प्रकार एका भागापुरता होता, आणि देशभरातून माल परत बोलावला तर अशी कृत्ये करणाऱ्यांना आणखी बळ मिळेल, असे सरकारी यंत्रणांतील काही जणांचे मत होते. तरीही बर्क यांनी देशभरातील तीन कोटी दहा लाख बाटल्या परत घेतल्या. त्यांची किंमत दहा कोटी डॉलरहून अधिक होती. जाहिरातक्षेत्रातील नामवंतांनी हे नाव आता बाजारातून पुसले गेले असे सांगून टाकले. परंतु नोव्हेंबरमध्ये तिहेरी मोहोर लावलेल्या वेष्टनात टायलेनॉल परत आले आणि लोक ते पुन्हा विकत घेऊ लागले. आज औषधाची बाटली उघडताना झाकणाखालचा जो पातळ पापुद्रा आपण अंगठ्याने फोडतो, तो सर्वत्र रूढ होण्यामागे हीच घटना आहे. १९८६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात असाच आणखी एक मृत्यू झाला, तेव्हा कंपनीने थेट ग्राहकांना विकायच्या कॅप्सूलच बंद केल्या. गुन्हेगार कधीच सापडला नाही.

हार्वर्डच्या वर्गात चर्चेला घेतलेल्या उद्योगांच्या खऱ्या प्रकरणांपैकी कोणत्या प्रकरणाने बर्क यांना हे बळ दिले, हे सांगता येणार नाही. आम्हाला वाटते, या निर्णयाची मुळे आधीच्या त्या चर्चेत असावीत, जिथे संकट नसताना माणसे भिंतीवरच्या पानाशी भांडली होती.

१९८९ मध्ये बर्क निवृत्त झाले आणि तरुणांना अमली पदार्थांपासून दूर ठेवण्यासाठी जाहिराती करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी पुढे अनेक वर्षे सांभाळले. १९९३ च्या आरंभी आयबीएम ही संगणक कंपनी अब्जावधी डॉलरच्या तोट्यात बुडत असताना नवा प्रमुख शोधणाऱ्या समितीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते आणि त्या समितीत मर्फीही होते. पदवी घेऊन चव्वेचाळीस वर्षे झालेले दोन मित्र पुन्हा एकदा एका प्रश्नाभोवती बसले. त्यांनी निवडलेले लुई गर्स्टनर हे त्याच शाळेच्या १९६५ च्या तुकडीचे होते.

[दृश्य: रॉचेस्टर शहर]

पीटर मॅकोलो कॅनडातील हॅलिफॅक्सचे. १९५४ मध्ये रॉचेस्टरमधील हॅलॉइड या लहानशा कंपनीत ते मुलाखतीसाठी गेले, तेव्हा विक्रीप्रमुखाच्या खोलीत पुस्तकांसाठी संत्र्याचे खोके ठेवलेले होते आणि त्यावर कामगाराचा जेवणाचा डबा. तरीही ते तिथे रुजू झाले. याच कंपनीचे पुढे झेरॉक्स झाले. आपल्याकडे तर तो शब्द क्रियापदासारखा वापरला जातो. मॅकोलो १९६८ मध्ये तिचे प्रमुख झाले आणि १९७० मध्ये त्यांनी पालो आल्टो येथे एक संशोधन केंद्र काढले. लेझर छपाई, संगणक एकमेकांना जोडणारे इथरनेट आणि पडद्यावरील चित्रांवर टिचकी मारून चालणारा संगणक या केंद्रात आकाराला आले. मात्र त्या संगणकाचा मोठा नफा इतरांनी कमावला. मॅकोलो यांच्या काळात झेरॉक्सने एक संगणक कंपनीही प्रचंड किमतीला घेतली होती आणि तो निर्णय साफ फसला. एकाच माणसाच्या खात्यावर या दोन्ही नोंदी आहेत, आणि त्या दोन्ही सांगितल्याच पाहिजेत.

मार्विन ट्रॉब म्हणजे फ्रान्समध्ये जखमी झालेला तो सैनिक. ब्लूमिंगडेल्स या न्यूयॉर्कच्या दुकानाला त्यांनी रंगभूमीचे रूप दिले. एकेका देशाच्या वस्तू आणून सारे दुकान त्या देशाच्या सजावटीने भरून टाकायचे, ही त्यांची पद्धत. १९७८ मध्ये हा मान भारताला मिळाला होता. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःची सल्लागार संस्था काढली आणि २०१२ मध्ये सत्त्याऐंशीव्या वर्षी निधन होईपर्यंत ते कामात राहिले.

जॉन शॅड यांचा उत्तरकाळ सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. वॉल स्ट्रीटवर कारकीर्द केल्यावर १९८१ मध्ये ते शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्याच कार्यकाळात गोपनीय माहितीवर शेअर विकत घेणाऱ्यांची मोठमोठी प्रकरणे उघडकीला आली. पकडले गेलेले लोक उत्तम संस्थांमध्ये शिकलेले होते, याची बोच त्यांना लागली असावी. १९८७ मध्ये त्यांनी आपल्या शाळेत नीतिशास्त्र शिकवले जावे यासाठी स्वतःच्या मिळकतीतून दोन कोटी डॉलर देऊ केले. नीती वर्गात शिकवता येते का, हा वाद तेव्हा झाला आणि अजूनही होतो. दोनच वर्षांनी ते ड्रेक्सेल बर्नहॅम या घोटाळ्यांनी पोखरलेल्या वित्तसंस्थेला सावरण्यासाठी तिचे अध्यक्ष झाले; परंतु फेब्रुवारी १९९० मध्ये तिने दिवाळे काढले.

विल्यम रुआन यांनी उलट वाट धरली. हार्वर्डनंतर ते कोलंबिया विद्यापीठात गुंतवणूकशास्त्र शिकवणाऱ्या बेंजामिन ग्रॅहम यांच्या वर्गात बसले आणि तिथे त्यांची बफे यांच्याशी मैत्री झाली. १९७० मध्ये त्यांनी सिकोया हा गुंतवणूक निधी सुरू केला आणि १९८२ मध्ये, पैसे घेऊन लोक दारात उभे असताना, नव्या गुंतवणूकदारांसाठी तो बंद केला, कारण तेवढा पैसा नीट गुंतवता येणार नाही असे त्यांना वाटले. उतारवयात त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एक अख्खी वस्ती दत्तक घेतली आणि तिथल्या मुलांच्या शिक्षणावर व आरोग्यावर पैसा आणि वेळ दोन्ही खर्च केले.

ही नावे पाच-सहाच आहेत. साडेसहाशेंतील बाकीचे कोणत्याही मासिकाच्या मुखपृष्ठावर आले नाहीत. त्यांनी मध्यम आकाराचे कारखाने चालवले, वडिलांचा धंदा पुढे नेला, कोणी मध्येच नोकरी सोडून शिकवायला गेले असतील. तुकडीच्या वृत्तांतात मात्र त्यांनाही अध्यक्षांइतकीच जागा असते, चार-पाच ओळींची.

[दृश्य: पुण्याजवळील आकुर्डी]

या शाळेचा एक धागा आपल्या मातीतही येतो. पंधरा वर्षांनंतरच्या, १९६४ च्या तुकडीतून पदवी घेऊन राहुल बजाज परतले आणि १९६८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, बजाज ऑटोचे प्रमुख झाले. त्यांना स्पर्धेपेक्षा परवाना पद्धतीशी झगडावे लागले. चेतक स्कूटरला मागणी अफाट होती आणि किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवत होते, त्यामुळे लोक वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहत. बजाज यांनी मुंबईच्या बंगल्याऐवजी आकुर्डीच्या कारखान्यालगतच्या वसाहतीत राहणे पत्करले. २००५ मध्ये शाळेने आपल्या माजी विद्यार्थ्यांना दिला जाणारा सर्वोच्च सन्मान त्यांना दिला. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी मे महिन्यात टॉमस मर्फीही गेले. ते शहाण्णव वर्षांचे होते. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते आणि निधनाच्या काही महिने आधीपर्यंत ते बर्कशायरच्या संचालक मंडळावर होते. अब्जावधींचे व्यवहार जिथून झाले, त्या न्यूयॉर्कच्या कार्यालयात त्यांनी एक चित्र लावून ठेवले होते: ऑल्बनीच्या त्या जुन्या इमारतीचे, जिच्या दोनच बाजू रंगवलेल्या होत्या.