एकाच दिवशी दोन गोळ्या

[दृश्य: कुत्र्याचा कान, अगदी जवळून. बोटं केस बाजूला सारतात.]

कानामागे चिकटलेली ही गोचीड. रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलीय. पोट भरलं की ती आपणहून गळून पडते आणि अंडी घालायला भिंतीतली फट, दाराची चौकट शोधते. एकेक मादी हजारांनी अंडी घालते. त्यामुळे अंगावरच्या गोचिडी वेचून भागत नाही, महिन्याच्या महिन्याला औषध द्यावंच लागतं. ज्यांच्या घरात गोचीडताप येऊन गेलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

[दृश्य: ओट्यावर गोळीचं पाकीट. आजोबांचा हात. कुत्रा उभा राहतो.]

पूर्वी गोळी पोळीत नाहीतर गुळात लपवून द्यावी लागायची. ही चघळायची गोळी तो हातातून ओढूनच घेतो, कारण तिला मांसाची चव असते. आतलं औषध अ‍ॅफोक्सोलॅनर. ते रक्तात उतरतं, आणि गोचिडीनं रक्त ओढलं की तिची मज्जासंस्था कोलमडते.

घरात माणसं चार आणि कुत्रा सगळ्यांचा. सकाळी आजोबांनी गोळी दिली. संध्याकाळी सूनबाई कामावरून आल्या, त्यांना तारीख आठवली, पाकिटात गोळी दिसली, त्यांनीही दिली. त्यानं ती तितक्याच आनंदानं खाल्ली. दोघांनीही मायेनंच दिली होती. रात्री जेवताना विषय निघाला तेव्हा उलगडा झाला.

[दृश्य: दवाखान्यातला वजनकाटा. आकडा 23 वर थांबतो.]

डॉक्टरांनी आधी वजन केलं. हा हिशेब नीट ऐका. 68 मिलिग्रॅमची ही गोळी 10 ते 25 किलोच्या कुत्र्यांसाठी असते. 11 किलोच्या कुत्र्याला एकाच गोळीतून किलोमागे 6 मिलिग्रॅमहून थोडं जास्तच औषध मिळतं. आपल्या 23 किलोच्या गड्याला दोन गोळ्या मिळूनही 6 च्या आतच. म्हणून डॉक्टरांचा आवाज शांत होता.

तरीही त्यांनी विचारलं, “याला कधी फिट आली होती का?” या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना थरथर सुटते, तोल जातो, झटके येतात, आधी कधी फिट न आलेल्यांनाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सप्टेंबर 2018 मध्ये तसा इशारा दिला होता.

त्या रात्री एक उलटी झाली. सकाळी तो जेवला.

[दृश्य: टेबलावर वेगवेगळ्या औषधांच्या बाटल्या.]

पण हा दिलासा दुसऱ्या औषधाला लावू नका. आयव्हरमेक्टिन घ्या. हृदयातले जंत रोखायला 10 किलोच्या कुत्र्याला महिन्याला साधारण 60 मायक्रोग्रॅम पुरतं. गुरांच्या इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये ते 10,000 मायक्रोग्रॅम असतं, आणि अंदाजानं ते कुत्र्याला टोचणारे आजही आहेत. कोली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध थेट मेंदूत शिरतं. असं अंदाजानं टोचणं कृपा करून थांबवा.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख.]

दुधाचा खाडा ज्या चौकटीत लिहितो, तिथेच गोळीही लिहा आणि कुणी दिली तेही. आणि दोनदा गेलीच, तर उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजू नका, त्यानं जीवावर बेतू शकतं. पाकीट टाकू नका. औषधाचं नाव, मिलिग्रॅम, कुत्र्याचं वजन आणि वेळ, एवढं डॉक्टरांना लगेच फोनवर सांगा.

पुढची गोळी कधी, हेही त्यांनाच विचारा. दोन गोळ्या झाल्या म्हणजे दोन महिन्यांची सुट्टी, असं नसतं. अ‍ॅफोक्सोलॅनरचं रक्तातलं प्रमाण साधारण पंधरा दिवसांत निम्म्यावर येतं. म्हणजे दुसऱ्या गोळीनं फार तर एक पंधरवडा वाढतो.