शपथेवर लिहिलेली पदवी

नमस्कार, श्रोतेहो.

आमदार व्हायला किती शिकलेलं असावं लागतं? राज्यघटना वय विचारते, नागरिकत्व विचारते, शिक्षण मात्र विचारत नाही. शाळेची पायरी न चढलेला माणूसही उमेदवारी अर्ज भरू शकतो. आणि तरीही नसलेल्या पदवीपायी लोक सुप्रीम कोर्टापर्यंत जातात, याचं मला नवल वाटतं.

सगळी मेख आहे ती नमुना 26 मध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या शपथपत्रात. त्यात शिक्षणाचा रकाना असतो: पदवी कोणती, कॉलेज-विद्यापीठ कोणतं, कोणत्या साली पूर्ण केली. खाली सही आणि शपथ. हा रकाना कोरा ठेवला आणि सांगूनही भरला नाही, तर अर्ज बाद होऊ शकतो. भरला, पण खोटा भरला, तर? छाननीच्या टेबलावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे वेळ थोडा आणि अर्जांचा गठ्ठा मोठा. विद्यापीठाच्या नोंदी उकरून काढणं हे त्याचं कामच नव्हे. तेव्हा बहुधा अर्ज मंजूर होतो आणि वाद निकालानंतर पेटतो. निकालापासून 45 दिवसांच्या आत हायकोर्टात निवडणूक याचिका दाखल करावी लागते. ती हरलेल्या उमेदवारानंच करावी असंही नाही, त्या मतदारसंघातला कोणताही मतदार करू शकतो.

मणिपूरच्या मोइरांग मतदारसंघाचं उदाहरण घ्या. 2012 ची विधानसभा निवडणूक. मैरेम्बम पृथ्वीराज जिंकले. शपथपत्रात त्यांनी लिहिलं होतं, म्हैसूर विद्यापीठातून 2004 साली एमबीए. प्रतिस्पर्धी पुखरेम शरतचंद्र सिंह कोर्टात गेले आणि ही पदवी नसल्याचं उघड झालं. बचाव काय, तर लिहिण्यातली चूक! सुप्रीम कोर्टानं तो मानला नाही, कारण हेच एमबीए 2008 पासून त्यांच्या शपथपत्रात येत होतं. हात एकदा घसरतो, दर वेळी त्याच एमबीएवर कसा घसरेल?

खरी कायदेशीर चुरस मात्र वेगळीच होती. अर्ज चुकीनं स्वीकारला गेला, एवढं सिद्ध करून एरवी भागत नाही. त्यामुळे निकालावर परिणाम झाला, हेही दाखवावं लागतं, आणि पुष्कळ याचिका तिथंच अडकतात. मतं दहा जणांत वाटली गेली असतील, तर एकाचा अर्ज बाद झाल्यावर ती कुणाकडे गेली असती, हे सांगणार कोण? मोइरांगमध्ये रिंगणात दोघंच होते. त्यातल्या विजेत्याचाच अर्ज मुळात स्वीकारायला नको होता, म्हटल्यावर परिणामाचा वेगळा पुरावा लागलाच नाही.

खोट्या शपथपत्राला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद कायद्यात आहे. पण उमेदवाराला खरी धास्ती असते ती खुर्चीची. हायकोर्टानं रद्द केलेली पृथ्वीराज यांची निवड रद्दच राहिली. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला 28 ऑक्टोबर 2016 ला. पुढच्या मार्चमध्ये मणिपूर पुन्हा मतदानाला उभं राहिलं.