रिफंड, रीइम्बर्स, रीपे : ‘पैसे परत दिले’ इंग्रजीत नेमकं कसं म्हणायचं?

नमस्कार! समजा, ऑफिसच्या कामासाठी तुम्ही विमानाने जाऊन आलात. तिकीट स्वतःच्या खिशातून काढलंत. आता अकाउंट्सला ईमेल लिहिताय : ‘प्लीज रिफंड माय टिकेट.’ व्याकरण ठीक आहे, तरी वाचणारा अडखळेल. त्याला वाटेल, हे तिकीट आमच्याकडून कुठे घेतलं होतं?

मराठीत ‘पैसे परत दिले’ एवढ्यावर भागतं. इंग्रजीत मात्र क्रियापद निवडण्याआधी स्वतःला विचारा, पैसे मुळात गेले होते कुणाकडे?

विमान रद्द झालं आणि कंपनीने तिकिटाचे पैसे परत केले, तर ते रिफंड. ज्याला दिले त्यानेच परत केले. पण प्रवास पार पडला, पैसे विमान कंपनीकडेच राहिले आणि तुमचा खर्च ऑफिसने भरून दिला, तर ते रीइम्बर्स. दिले एकाला, मिळाले दुसऱ्याकडून.

हा फरक शब्दांच्या मुळातच आहे, आणि मला तो फार आवडतो. रिफंड ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ ‘परत ओतणं’. पाणी जिथून आलं तिथेच माघारी. रीइम्बर्समध्ये लपलाय ‘बर्सा’, म्हणजे पैशांची थैली. आपला रोजचा ‘पर्स’ शब्दही तिथूनच आला. तुमची थैली रिकामी झाली होती, ती कुणीतरी पुन्हा भरली.

वाक्य करताना रिफंडनंतर सहसा पैसे येतात : ‘दे रिफंडेड द मनी.’ रीइम्बर्सनंतर माणूस आला की पुढे ‘फॉर’ लावून खर्च सांगा : ‘दे रीइम्बर्स्ड मी फॉर द टिकेट.’ ‘रीइम्बर्स माय एक्स्पेन्सेस’ हेही बरोबरच.

आता उसने घेतलेले पैसे. इथे रीपे आणि पे बॅक दोन्ही चालतात. मित्राशी बोलताना पे बॅक, बँकेच्या कागदावर रीपे. पण पैसा बाजूला ठेवला की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘हाऊ कॅन आय एव्हर रीपे यू?’ यात हिशेब नाही. तुमचे उपकार कसे फेडू, अशी कृतज्ञता आहे. पांग फेडणं म्हणतो ना आपण, त्याच्या जवळचा भाव. याउलट ‘आय विल पे यू बॅक फॉर दिस’ रागाने म्हटलं, तर ती धमकी आहे : याचं उट्टं काढीन! ‘फॉर’नंतर काय येतं तेवढं बघा. तिकीट आलं तर पैसे परत, अपमान आला तर वचपा. आणि रीपे नेहमी गोडच असतं असंही नाही. उपकाराची फेड अपकाराने केली, हे सांगायलाही इंग्रजीत रीपेच वापरतात.

कॉम्पेन्सेट म्हणजे भरपाई. सामान हरवलं, दुखापत झाली, वेळ वाया गेला, तर जे गेलं ते जसंच्या तसं परत येत नाही, म्हणून त्याच्या तोलाचं काहीतरी देतात. शब्दाच्या मुळातही तोलणंच आहे. रीम्युनरेट म्हणजे कामाचा मोबदला. इथे ‘म’ आधी, ‘न’ नंतर. पुष्कळजण ‘रीन्युमरेट’ म्हणतात, तसं म्हणू नका.

राहिलं पे ऑफ. पे बॅकमध्ये थोडे थोडे पैसेही येतात. ‘आय पेड ऑफ द लोन’ म्हटलं की कर्ज पूर्ण फिटलं, खातं बंद. मात्र पे ऑफबरोबर माणूस आला तर जपून. धनको असेल तर ठीक, त्याची देणी चुकती झाली. पण ‘ही पेड ऑफ द विटनेस’ म्हणजे साक्षीदाराला पैसे चारले. म्हणून भावाकडून घेतलेले उसने पैसे फेडलेत, तर ‘आय पेड माय ब्रदर बॅक’ म्हणा. ‘ऑफ’ म्हणालात, तर ऐकणारा विचारेल, भावाचं तोंड कशासाठी बंद केलंत?