एका राठ केसाची वीण

(सोलापुरात एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

सोलापुरात समुद्रावर बोलायचं म्हणजे धाडसच. इथं नळाला पाणी आल्याचा फोन आला की माणूस व्याख्यानातून उठून घरी जातो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून सुरुवात आपल्या मातीपासूनच करतो.

पावसात वर आलेलं गांडूळ तळहातावर घ्या आणि त्याच्या अंगावरून हलकं बोट फिरवा. दिसायला गुळगुळीत, पण बोटाला किंचित खरखर लागते. जवळजवळ प्रत्येक वलयाभोवती बारीक राठ केसांची माळ असते. कॉलेजात आपण चिरायचो त्या फेरेटिमा नावाच्या गांडुळाच्या एका वलयात असे 80 ते 120 केस. पुस्तकातलं नाव दृढरोम. बिळात पकड घ्यायला गांडुळाला तेवढे पुरतात. आज बोलायचंय ते त्याच्या समुद्रातल्या चुलतभावाबद्दल. नाव प्लॅटिनेरिस ड्युमेरिली, लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी. याच्या केसांचा थाटच वेगळा.

या घराण्याशी माझी पहिली भेट बरणीत झाली. फॉर्मॅलिनमध्ये पिवळी पडून ताठलेली नेरिस, प्लॅटिनेरिसच्याच भावकीतली. आकृती काढायची, नावं द्यायची, गुण घ्यायचे. पुढे सहलीत रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी मी कालवांचा एक गठ्ठा उलटला, तर आतून तसलाच एक जीव वळत वळत निघाला. अंगावर हिरवट झळाळी, पाठीवर मधोमध लाल शीर, आणि दोन्ही बाजूंची इवली पावलं एकामागून एक उचलली जात होती. गंमत म्हणजे पावलांची ती लाट शेपटीकडून डोक्याकडे धावते. बरणीतल्या नेरिसनं हे मला तीन वर्षांत सांगितलं नव्हतं.

प्लॅटिनेरिसची ठेवणही तशीच. डोक्यावर चार डोळे, पुढे दोन शृंगिका, दोन जाड स्पर्शक आणि मागे लांब मिशांच्या चार जोड्या. घसा मोज्यासारखा उलटा होऊन बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला दोन जबडे असतात. रक्त आपल्यासारखंच लाल, पण हिमोग्लोबिन पेशींमध्ये नसून रक्तद्रवातच विरघळलेलं. वलयागणिक दोन्ही बाजूंना एकेक पाऊल, पावलाला वरचा आणि खालचा असे दोन भाग, आणि भागाभागातून केसांचा झुबका. दोन्ही भागांत छत्रीच्या काडीसारखी एकेक जाड काळी काडी असते, त्यांच्यावर सगळं पाऊल तोललेलं.

राहतो कुठे? इटलीतल्या नेपल्सच्या आखातासारख्या ठिकाणी, उथळ पाण्यात, शेवाळ धरलेल्या खडकांवर. पावलांतल्या ग्रंथींमधून तो धागा सोडतो, त्याची नळी विणतो, नळीत राहतो आणि दारात उगवलेलं शेवाळ खातो. स्वतःच्याच धाग्याच्या घरात राहणारा प्राणी! विणकरांच्या गावात त्याचं कौतुक व्हायला हरकत नाही.

पण खरी कारागिरी केसात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली हा केस सरळसोट दिसत नाही. एक दांडा, त्यावर सांधा आणि सांध्यात बसवलेलं पातं. काही पाती लांब, काही विळ्यासारखी आखूड आणि वाकडी. असा अख्खा केस एकच पेशी घडवते. तिच्या माथ्यावर अतिसूक्ष्म बोटांचा गुच्छ असतो आणि त्या बोटांभोवती कायटिन, म्हणजे कीटकांच्या कवचात असतो तो पदार्थ, साचत जातं. आधी टोक तयार होतं, मग दांडा, आणि केस खालून वर सरकत राहतो. बोटांची मांडणी क्षणोक्षणी बदलते, तसा दात, सांधा, दांडा असा आकार उमटत जातो. हे काम व्हिएन्नाच्या संशोधकांनी 2024 साली याच किड्यावर तपशिलानं दाखवलं. त्यांचं काम वाचणारे थ्रीडी प्रिंटरची उपमा देतात. मला मात्र जकार्डचा माग आठवतो. पुठ्ठ्याच्या भोकांप्रमाणे धागे उचलले जातात आणि चादरीवर मोर ओळीओळीनं वर येतो, तसं हे चालतं. फरक एवढाच की इथं पुठ्ठा, माग आणि विणकर ही सगळी एकच पेशी असते.

आता या केसांचं पुढे काय होतं ते ऐका. वयात आल्यावर हा किडा घर सोडतो. त्याआधी त्याचं अंगच नव्यानं बांधलं जातं. आतडं झिजतं, कारण यापुढे खाणं नाही. डोळे मोठे होतात, स्नायू मोडून पुन्हा घडतात, आणि मागच्या वलयांवरचे जुने केस जाऊन चपट्या वल्ह्यांसारखे नवे येतात. नर पुढून पांढरा आणि मागून लाल, मादी पिवळी. रात्री ते पाण्यात वर येतात आणि एकमेकांभोवती गरगर फिरतात. नरानं शुक्राणू सोडावेत म्हणून मादी जो रासायनिक इशारा देते, तो म्हणजे युरिक ॲसिड. हो, तेच, ज्याचा रिपोर्ट इथल्या बऱ्याच जणांच्या खिशात असेल! अंडी आणि शुक्राणू सोडले की दोघंही मरतात.

ही गर्दी जमते अंधाऱ्या रात्रींच्या सुमारास. आपल्याकडे येळवशीच्या अमावास्येला सगळं गाव शेतात जमतं, तशी यांचीही अमावास्या असते म्हणा. त्यांना तिथी सांगतं चांदणं. कार्ल हाउएनशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञानं 1950 नंतरच्या दशकात प्रयोगशाळेत महिन्यातल्या काही रात्री मंद दिवा लावून ठेवला, आणि बंद खोलीतल्या किड्यांनी त्या दिव्यालाच चंद्र मानून आपला महिना बांधला.

मागच्या टेबलावर दोन स्लाइड ठेवल्यात, बीएस्सीच्या प्रयोगशाळेत असतात त्याच. डावीकडे नेरिसचं साधं पाऊल, उजवीकडे घर सोडून निघालेल्या नेरिसचं. आधी केसांची टोकं बघा. आणि सूक्ष्मदर्शकाचा मोठा स्क्रू कुणी फिरवू नका, गेल्या वेळी काच फुटली होती.